सागवान, उधाण आणि उलांडी

डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या शिक्षणकार्यामुळे. १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले त्यांचे कार्य पुढे या टेकडीवर स्थिरावले, गुरांमागे हिंडणाऱ्या वारली मुलांसाठी थेट कुरणावरच शाळा भरू लागली, आणि अनुताईंनी आपल्या आत्मकथनासही ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ असेच नाव दिले. टेकडीच्या पूर्वेस तलासरी-जव्हारकडे चढत जाणारा अरण्यप्रदेश आणि पश्चिमेस घोलवड-बोर्डीच्या वाड्यांपलीकडचा सागर, असे हे दोन मुलूख भूगोलाच्या पुस्तकात निरनिराळ्या प्रकरणांत पडले असले, तरी शतकानुशतके त्यांचा व्यवहार एकच होता आणि तो नौकेभोवती फिरत होता.

हल्ली नौका म्हटली की सुटीचा विषय निघतो. अंदमान, लक्षद्वीप किंवा मालवण येथे जाऊन रंगीत कायाक वल्हवावी, पाठीवर हवेची नळकांडी बांधून प्रवाळ पाहून यावे, ही मध्यमवर्गाची अलीकडची हौस आहे, आणि ती सर्वस्वी परक्या मुलखातून आली अशी आपली समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कायाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्यूट लोकांची, सीलच्या कातड्याने मढविलेली शिकारी होडी. तिचा उष्ण कटिबंधातील बेटांशी जन्मसंबंध काहीच नाही. पाण्याखाली श्वास पुरविणारे साधनही कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली सिद्ध केले. परंतु बेटांची जी खरीखुरी होडी, ती मात्र कोकणच्या किनाऱ्यावर कायाकच्या कितीतरी आधी येऊन बसली होती, आणि आपल्या मच्छीमारांनी ती इतकी आपलीशी केली की तिच्या परकेपणाची कोणास शंकाही येऊ नये.

ती म्हणजे उलांडीची होडी. तिचे अंग अरुंद, जेमतेम माणूस बसेल एवढ्या रुंदीचे. एका बाजूस दोन आडवे दांडे बाहेर काढून त्यांच्या टोकांना पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका दोराने आवळून बांधलेला. होडी त्या बाजूस झुकली की ओंडका पाण्यात दबत नाही म्हणून ती सावरते. विरुद्ध बाजूस कलली की त्याच ओंडक्याचे वजन तिला मागे खेचते. खिळ्यांऐवजी दोराचे बंध असल्यामुळे लाटेच्या माऱ्यात सांधे थोडे हलतात आणि म्हणूनच तुटत नाहीत. आग्नेय आशिया आणि पॅसिफिकच्या द्वीपसमूहांतील दर्यावर्दी लोकांनी शोधून काढलेली ही युक्ती श्रीलंका आणि पश्चिम भारतापासून पार मादागास्करपर्यंत पसरलेली आढळते. मद्रासच्या मत्स्य खात्याचे एकेकाळचे संचालक जेम्स हॉर्नेल यांनी भारतीय नौकांच्या घडणीवर १९२० साली जो प्रबंध लिहिला, त्यात या संबंधाची तपशीलवार चर्चा आहे. रत्नागिरी-मालवणकडे ही होडी विशेष रुळली. मात्र पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे आपल्या डहाणूस, राज्य राहिले ते मोठ्या मचव्यांचे.

याचे कारण पाण्यातच आहे. खंबायतच्या आखाताकडे जावे तसतशी भरती-ओहोटीतील तफावत वाढत जाते. मुंबईस मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी सुमारे पाच मीटर चढते-उतरते, दक्षिणेस मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. उत्तरेकडचे हे पाणी दिवसातून दोनदा धावत येते आणि दोनदा परतते, आणि या येरझाऱ्यात तळाचा चिखल कधी खाली बसतच नाही. पाणबुड्याला येथे हातभर अंतरावरचेही दिसणे कठीण. प्रवाळ पाहण्याच्या हौसेने डहाणूस उतरणाऱ्याची निराशा ठरलेली. पण ज्या गढूळ ओढीने पाणबुड्याचा हिरमोड होतो, त्याच ओढीवर येथील मांगेला मच्छीमारांचा संसार उभा राहिला. समुद्रतळाशी खुंट ठोकून त्यांना बांधलेली डोल, म्हणजे मुखापाशी मोठ्या आसांची आणि खोल्यापाशी अगदी बारीक विणीची पिशवीसारखी जाळी, प्रवाहाकडे तोंड करून उभी राहते. मासा धरायला माणसाने धावायचे नाही, पाणीच बोंबील आणून भरते. मात्र पाणी फिरण्यापूर्वी डोल उचलावी लागते, आणि म्हणून अमावास्या-पौर्णिमेचे उधाण नि अष्टमीचा भांग यांचा हिशोब तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, पंचांगावाचून तोंडपाठ असतो. याच किनाऱ्यावरील सातपाटीच्या बांधणीच्या बोटींची ख्याती झाली ती याच पाण्यात. बळकट नाळ आणि भरगच्च पोट असल्यावाचून या पाण्यात निभाव लागत नाही.

असल्या बोटीला लाकूड हवे, आणि ते पूर्वेच्या रानात मुबलक होते. दमणला १५५९ साली पाय रोवलेल्या पोर्तुगीजांनी तेथे जहाजे बांधली ती याच पट्ट्यातील सागवानावर. डहाणूच्या खाडीवरील त्यांचा कोट १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, त्याच वर्षी वसईही पडली. तरी दमण पोर्तुगीजांकडेच राहिले, आणि जंगल मराठ्यांच्या हाती नि बंदर फिरंग्यांच्या हाती अशी विचित्र वाटणी होऊन बसली. पुढे एका जहाजाने ती वाटणी मोडली. मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नावाचे पोर्तुगीज जहाज धरल्यावरून तंटा वाढला, आणि त्याच्या भरपाईची बोलणी होता होता १७७९ च्या डिसेंबरात पुणे दरबाराने तहनामा करून दमणलगतच्या गावांचा बारा हजार रुपये महसूल पोर्तुगीजांना लावून दिला. त्याबरहुकूम १७८३ आणि १७८५ साली सनदा होऊन नगरहवेली आणि दादरा त्यांच्याकडे गेली. तलासरीची सीमा ज्या प्रदेशास आजही भिडते तो प्रदेश असा एका गलबतापायी वेगळा पडला. समुद्रात गमावलेल्या जहाजाची किंमत जहाजास लाकूड देणाऱ्या रानाने चुकती करावी, यात जो योगायोग आहे तो कादंबरीकारास सुचला असता तर आपण त्याला अतिरेक म्हटले असते.

गंमत अशी की हा कागद पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा दफ्तराबाहेर निघाला. २ ऑगस्ट १९५४ रोजी नगरहवेलीतील सिल्वासा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, आणि पेशव्यांनी दिले ते सार्वभौमत्व की नुसता सरंजाम, याचा खल तेथल्या न्यायमूर्तींना करावा लागला. १९६० च्या निकालात न्यायालयाने मराठ्यांचे देणे हे महसुलापुरतेच, जहागीर अथवा सरंजामाच्या स्वरूपाचे, असे मानले. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता तेथे मान्य केली, ही गोष्ट निराळी.

तहनाम्यात गावांची मोजदाद झाली. लाकूड तोडणाऱ्यांची कोणी केली नाही. सागाच्या बुंध्यावर पहिला घाव घालणारा वारली आणि त्या फळीवर उभा राहून शीड ताणणारा मांगेला एकमेकांना बाजारात भेटत असतील, पण फायदा दोघांच्या मधे बसलेल्या ठेकेदार-सावकारांच्या पदरी पडे. मे १९४५ मध्ये तलासरीनजीकच्या झरी गावी वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आवाज उठवला, किसान सभेच्या गोदावरी परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिल्या, आणि गवत कापण्याच्या नि जंगलातील तोडीच्या मजुरीसाठी संप झाले, तेव्हा कोठे या व्यवहाराची दुसरी बाजू सरकारदरबारी नोंदली गेली.

आता पुन्हा आरंभीच्या त्या हौसेकडे वळू. पाण्याखाली बुडी मारण्याचा खेळ महाराष्ट्रात रुजला तो दक्षिणेस, निवळ पाण्याच्या मालवणात. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या बेटाच्या आसपासचे खडक आणि प्रवाळ हे आजच्या पर्यटकाचे आकर्षण आहे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा आपले मासेमारीचे हक्क जातील या धास्तीने मच्छीमारांनी कडाडून विरोध केला, आणि मला तो अवाजवी वाटत नाही. पुढे त्याच मच्छीमार घरांतील मुले पर्यटकांना खडकांपाशी उतरवू लागली. आपल्याच बापजाद्यांचे पाणी तिकीट लावून दाखविण्यात कमीपणा काही नाही. हौसेच्या धंद्याला मार्ग दाखवायला शेवटी खडकन् खडक ठाऊक असलेला माणूसच लागतो.

डहाणूस असा खेळ आला नाही, येण्याचा संभवही थोडा. १९९१ साली केंद्र सरकारने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवून येथील कारखानदारीस लगाम घातला, त्यामुळे किनारा बराचसा पूर्ववत् राहिला. याच तालुक्यातील वाढवण येथे तर खडकांचा विस्तीर्ण पट्टा ओहोटीस उघडा पडतो. मच्छीमार त्याला माशांची खाण मानतात, आणि बायका तेथे कोयता-टोपली घेऊन कालवे फोडायला उतरतात. त्याच वाढवणच्या समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव घालून प्रचंड बंदर उभारण्याच्या कामाचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. किनाऱ्यावरील मच्छीमारांचा त्यास विरोध आहे आणि तो न्यायालयापर्यंत गेला आहे. भरावाची वाळू दमणसमोरच्या समुद्रातून उपसायची आणि दगड जिल्ह्यातल्याच डोंगरांतून काढायचे अशी योजना आहे.