भंगारातला लेझर आणि बारामतीचे पटेल

गणपती जवळ आले की लेझर लाइटवर बंदी हवी की नको, हा वाद ठरलेला. एक बाजू म्हणते बंद करा, दुसरी म्हणते आमच्याच सणावर डोळा का. भांडायचं तर भांडू, पण ही वस्तू आपल्याकडे आली कुठून ते आधी पाहू. कारण मिरवणुकीच्या ट्रकवर चढण्याच्या कितीतरी आधी लेझर आपल्या टीव्हीखालच्या सीडी प्लेअरमध्ये येऊन बसला होता.

१६ मे १९६०. कॅलिफोर्नियात मालिबूला, ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवला. कृत्रिम माणकाची छोटीशी कांडी आणि तिच्याभोवती स्प्रिंगसारखा फिरलेला फ्लॅशचा दिवा. गंमत म्हणजे हा दिवा काही खास बनवून घेतलेला नव्हता. फोटोग्राफीसाठी बाजारात तयार मिळायचा तोच. मोठमोठ्या संस्था शर्यतीत होत्या आणि हा माणूस तयार माल जोडून पुढे गेला. त्यांचा लेख अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकाने नाकारला, मग तो ‘नेचर’मध्ये छापून आला. जुगाड ही काय फक्त आपलीच मक्तेदारी नाही!

चारच वर्षांनी, १९६४ साली, बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर तयार झाला. आज पत्रा कापायला, शस्त्रक्रियेला वापरतात तो. करणारे सी. कुमार एन. पटेल, जन्म १९३८, गाव बारामती. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे आपल्या सीओईपीचे विद्यार्थी. बारामती म्हटलं की आपल्याला एकच विषय सुचतो, हा दुसरा कुणी सांगतच नाही.

पण माणिक काय किंवा गॅसची नळी काय, खिशात मावणारी नव्हे. खिशातल्या लेझरची गोष्ट १९६२ ला सुरू होते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या कणाएवढ्या तुकड्यातून लेझर काढला. अडचण एवढीच की तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला बुडवून ठेवावा लागे, आणि तरी फक्त ठोके द्यायचा, सलग चालत नसे. सँडविचसारखे वेगवेगळ्या पदार्थांचे थर रचून ही अडचण सुटली ती १९७० साली. लेनिनग्राडला अल्फेरोव्ह यांचा गट आणि अमेरिकेत बेल लॅब्समध्ये हायाशी व पॅनिश, दोघांनीही साध्या खोलीच्या तापमानाला सलग चालणारा डायोड करून दाखवला. अल्फेरोव्हना त्या थरांच्या कामासाठी २००० साली नोबेल मिळालं.

मग १९८२ ला सीडी प्लेअर आला, त्यात ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा डायोड. १९९६ ला डीव्हीडी, ६५० नॅनोमीटर, लालभडक. आणि एके दिवशी सगळी गाणी, सगळे पिक्चर मोबाइलमध्ये गेले आणि हे सगळे डायोड भंगारात आले.

पुण्यात जुन्या बाजारात अशा मेलेल्या प्लेअरचे ढीग बघा. त्यातला एक घ्यायचा, लेन्सची सरकपट्टी काढायची, डायोड सोडवायचा, तपकीर गल्लीत भिंग बसवलेली पितळी नळी आणि एलएम ३१७ नावाचा तीन पायांचा आयसी घ्यायचा. पॉइंटर तयार. आयसी कशाला? डायोड तापला की जास्त करंट ओढतो, ओढला की आणखी तापतो, आणि क्षणात संपतो. म्हणून करंट बांधून द्यावा लागतो. मेलेला डायोडही मंद लाल उजेड देत राहतो, त्यामुळे नवख्याला वाटतं चालतोय!

रविवारी मुलांना घेऊन बसतो तेव्हा मी प्लेअरमधलाच डायोड वापरतो, तोही करंट कमी ठेवून आणि योग्य चष्मा लावून. रायटरमधला फक्त दाखवतो, पेटवत नाही. दिसायला दोन्ही सारखेच. पण प्लेअरमधला काही मिलीवॅटचा, आणि वेगवान रायटरमधला शंभर-दोनशेपर्यंत जाणारा, कारण त्याला चकतीवर भाजून लिहायचं असतं. बारक्या पॉइंटरची सुरक्षित मर्यादा मानली जाते १ मिलीवॅट. डोळा पाव सेकंदात मिटतो, तेवढ्या वेळात इजा होऊ नये असा तो हिशेब. रायटरच्या शक्तीला पाव सेकंद फार झाला. डोळ्यातलं भिंग तो झोत नेत्रपटलावर ठिपक्याएवढा गोळा करतं. दुखत नाही, रक्त येत नाही, आणि भाजलेला भाग परत येत नाही.

१९९५ साली व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय करार झाला: मुद्दाम आंधळं करण्यासाठी बनवलेली लेझर शस्त्रं युद्धातही वापरायची नाहीत. शत्रूच्या सैनिकाचे डोळे वाचवायला जगाने करार केला. आणि २०२३ च्या विसर्जनानंतर नाशिक-पुण्यातली तरुण पोरं नेत्रपटलाला इजा झाली म्हणून डॉक्टरांकडे गेली. पुणे पोलिसांनी २०२४ ला बंदीचा आदेश काढला, चांगलं केलं. पण आदेश सणापुरता असतो. ट्रकवरच्या यंत्राची शक्ती भाड्याने देताना कोण मोजतं? झोत लोकांच्या डोक्यावरून किती उंच जावा, हे कोण बघतं?

आणि स्टिकरवर विसंबू नका. अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, २०१३ साली १२२ पॉइंटर तपासले. हिरव्यातले जवळपास ९० टक्के नियमात बसत नव्हते. आपल्या मंडळाने यंदा लेझर ठरवला असेल तर मालकाला एवढंच विचारा: किती मिलीवॅट, आणि मोजला कुणी? उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये टाका.