शिरस्त्राणाखालचा चेहरा

मुखपृष्ठ करणाऱ्याला पात्राच्या कातडीचा रंग ठरवावाच लागतो. लेखकाला तो पानंच्या पानं मोघम ठेवता येतो, आम्हाला रंग कालवतानाच उत्तर द्यावं लागतं. म्हणूनच विज्ञानकथांमधल्या आणि अद्भुतकथांमधल्या काळ्या माणसांचा इतिहास मी चित्रांतून वाचत आलो. त्यातली एक चौकट मला फार मोलाची वाटते.

१९५३ साली न्यूयॉर्कच्या ईसी कॉमिक्सने ‘वीअर्ड फँटसी’च्या १८व्या अंकात ‘जजमेंट डे’ ही चित्रकथा छापली. लेखन अल फेल्डस्टाइनचं, चित्रं जो ऑर्लँडोची. टार्ल्टन नावाचा पृथ्वीचा प्रतिनिधी यंत्रमानवांच्या ग्रहावर पाहणीला येतो. आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात सामील व्हायला हा ग्रह लायक आहे का, हे त्याला ठरवायचं असतं. तिथे काही यंत्रमानव नारिंगी, काही निळे. आतली यंत्रणा एकच, वरचा पत्रा तेवढा वेगळा. तरी निळ्यांची वस्ती निराळी आणि बसमध्ये त्यांची जागा मागे. माँटगोमेरीत रोझा पार्क्सना बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली ती १९५५च्या डिसेंबरात. ही कथा त्याच्या दोन वर्षं आधीची.

टार्ल्टन नकार कळवून यानात परततो आणि शिरस्त्राण काढतो. कथाभर झाकलेला चेहरा शेवटच्या चौकटीत प्रथमच दिसतो. तो काळा आहे. कातडीवर घामाचे थेंब चमकताहेत. त्याच्या वर्णाबद्दल तोवर अक्षरही आलेलं नसतं. जे सांगायचं ते चित्राने सांगितलं आहे. चित्रकारावर एवढा भरवसा टाकणारे लेखक मी फार थोडे पाहिले.

१९५४ साली कॉमिक्सवर आचारसंहिता आली. तिचा शिक्का नसलेला अंक विक्रेते ठेवीनात. १९५६च्या सुरुवातीच्या ‘इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन’च्या ३३व्या अंकातली एक कथा नाकारली गेली, म्हणून ईसीने तिच्या जागी ‘जजमेंट डे’ पुन्हा घातली. संहितेचे प्रशासक चार्ल्स मर्फी हे माजी न्यायदंडाधिकारी. फेल्डस्टाइन आणि प्रकाशक बिल गेन्स यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे मर्फींचं म्हणणं होतं, हा माणूस काळा चालणार नाही. कोणत्याही वंशाची टिंगल नको, असं कलम त्याच संहितेत होतं! दोघे हटेनात, तेव्हा निदान घामाचे थेंब तरी काढा, अशी मागणी झाली. गेन्सने प्रकरण चव्हाट्यावर आणायची धमकी दिली आणि चौकट घामासकट छापली. ईसीचा तो शेवटचा कॉमिक अंक. पुढे गेन्सने सारा जोर ‘मॅड’ मासिकावर लावला.

लेखक काळी, सावळी माणसं लिहीत होते. ती अडली मधल्या टेबलांवर. सॅम्युएल डिलेनीच्या ‘नोव्हा’चा नायक सेनेगाली आई आणि नॉर्वेजियन बापाचा मुलगा. ‘ॲनालॉग’चे संपादक जॉन कॅम्बेल यांनी ती कादंबरी क्रमशः छापायला नकार दिला, आणि काळा नायक आपल्या वाचकांना आपलासा वाटणार नाही, हे कारण दिल्याचं डिलेनींनी लिहून ठेवलं आहे. कादंबरी १९६८ साली पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी उर्सुला ल ग्विन यांचा तांबूस-तपकिरी वर्णाचा जादूगार गेड अवतरला. २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेत मात्र तो गोरा झाला आणि ल ग्विन यांनी जाहीरपणे निषेध नोंदवला. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९८७च्या ‘डॉन’ची नायिका लिलिथ काळी, सुरुवातीच्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर बाई गोरी. बटलर स्वतः काळ्या होत्या. आपल्या पुस्तकावर परका चेहरा पाहताना त्यांना काय वाटलं असेल, हा विचार मला अजून त्रास देतो.

पुण्यात बसून या गोष्टी मला दूरच्या वाटत नाहीत. एका किशोर कादंबरीसाठी मी मजकुराबरहुकूम सावळी नायिका रंगवली, तर प्रकाशकाकडून निरोप आला, ‘छान आहे, फक्त जरा उजळ करा.’ अशा सूचनेला कोणी कारण देत नाही, आणि कारण विचारलं तर वाचकाचं नाव पुढे करतात. वाचकाने आमच्यापैकी कोणाला असं कधी सांगितलेलं नाही.

मुखपृष्ठं करणाऱ्या नव्या मुलामुलींना माझी एक विनंती आहे. असा निरोप आला तर वर्णनाचं पान उघडून समोर ठेवा, लेखकाला स्वतः फोन करा, आणि त्याने लिहिलेला रंग बदलू नका.