दादरच्या घरांचें मोल

घराची किंमत म्हणजे विटा, चुना, लांकूड आणि गवंड्याची मजुरी यांची बेरीज, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो पारखून पाहावयाचा तर प्रथम मुंबईपासून फार दूर, गोंदिया जिल्ह्यांतील बोदलकसा येथें जावें. येथील तलाव १९१७ सालचा. धानाच्या या मुलुखांत ज्या बांधीला तलावाचें पाणी मिळतें तिची आणि शेजारच्या कोरडवाहू तुकड्याची किंमत एक नसते. माती तीच, नांगरणारे हातहि तेच. मोल वाढविलें तें पाण्यानें, आणि पाणी कांहीं एकट्या शेतकऱ्यानें आणलेलें नाहीं. शहराच्या कडेला हेंच काम रस्ता, गटार आणि आगगाडी करीत असते.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग शिरला आणि चाळींतल्या कोंदट खोल्यांचें भय सरकारास वाटूं लागलें. १८९८ च्या कायद्यानें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें गांवांत रुंद रस्ते पाडले हें सर्वांस ठाऊक आहे; आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें काम मात्र बेटाच्या उत्तरेस, दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथें झालें. भातशेतें व माडांच्या वाड्या घेऊन त्यांचे आखीव तुकडे पाडण्यांत आले आणि ते दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें देण्यांत आले. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी या वसाहती अशा उभ्या राहिल्या.

येथें एक मौजेची, परंतु मूळ मालकास मुळींच मौजेची न वाटणारी, गोष्ट आहे. भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्याप्रमाणें मालकास बाजारभाव व त्यावर शेंकडा १५ अधिक मिळत. पण ज्या कामासाठीं जमीन घेतली त्या कामामुळें तिचें मोल पुढें वाढेल तें हिशेबांत धरावयाचें नाहीं, असें कलमच होतें. वाढ लोकांच्या पैशानें झाली, ती लोकांकडेच यावी, हें तत्त्व मलाहि पटतें. पण ती लोकांकडे आली किती? ट्रस्टच्या वाट्यास भुईभाडें आलें; वाढीचा मोठा भाग पट्टेदारांच्या पदरीं पडला. १९२८ सालीं कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावूं लागली, तेव्हां कचेरींत जाणाऱ्या कारकुनास दादर दूरचें राहिलें नाहीं.

घर विकत घेणें मात्र त्या काळीं थोड्यांचेंच काम. बहुतेक कुटुंबें भाड्यानें राहत. पहिल्या महायुद्धांत भाडीं भडकलीं म्हणून १९१८ सालीं पहिलें नियंत्रण आलें; आणि १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हें प्रमाण मानलें. हेतु दयेचा होता, आणि हजारों संसार त्यामुळें तगले. परंतु महागाई वाढत गेली आणि भाडें जागच्या जागीं थिजलें. दुरुस्तीचा खर्च भाड्यांतून निघेना, म्हणून इमारती गळूं लागल्या; आणि खोली सोडतांना पागडीच्या नांवानें मोठी रक्कम हातोहात फिरूं लागली. मोल होतें, पण तें कोठेंहि लिहिलेलें नव्हतें! ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानें पागडीस मान्यता दिली, आणि भाड्यांत दरवर्षीं शेंकडा ४ वाढ करण्याची मुभा दिली.

या घालमेलीमुळें किंमतींचा इतिहास लिहूं पाहणाऱ्याची पंचाईत होते. १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळें खरेदीखतें सरकारी दप्तरांत जातात, आणि मिळकतीवरून शोधावयाची सूची क्रमांक दोन हें त्याचें मुख्य साधन आहे. पण मुद्रांकशुल्क वांचविण्यासाठीं खतांत कमी रक्कम लिहिण्याची खोड जुनी. म्हणून सरकारला दरवर्षीं बाजारमूल्याचे तक्ते काढावे लागले. तेव्हां लिहिलेली किंमत ही खऱ्या किंमतीची फार तर तळरेषा.

शिवाय मापहि एक नव्हतें. १९६३ च्या कायद्यानें सदनिकांच्या विक्रीस शिस्त आली, तरी जिना, गच्ची, भिंतींची जाडी मिळवून क्षेत्र फुगविण्याची रीत चालूच राहिली. मे २०१७ मध्यें महारेरा आल्यावर नव्या सदनिकेची विक्री चटई क्षेत्रावर करावी असें ठरलें. म्हणून आजोबांनीं घेतलेल्या घराचा दर आणि आजचा दर यांची तुलना करतांना, फूट कोणता धरला होता, हें आधीं विचारावें लागतें.