महारोहिणी-ग्राफ्ट : उशिरा होणारे उपद्रव

महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगली किंवा बुजली, तर त्या जागी डेक्रॉनची किंवा पीटीएफईची कृत्रिम नळी (ग्राफ्ट) शिवतात, नाहीतर जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट आत बसवतात. जखम भरून माणूस कामाला लागल्यानंतर, कधी दहा-पंधरा वर्षांनीही, या ग्राफ्टमुळे उद्भवणारे बिघाड म्हणजे उशिरा होणारे उपद्रव.

सर्वांत घातक बिघाड नळी आणि आतडे यांच्यातला. पोटातल्या ग्राफ्टच्या वरच्या जोडावर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टेकलेला असतो. तिथे झीज होऊन दोहोंत वाट पडते. आधी थोडे रक्त उलटीतून पडते, किंवा शौचाला डांबरासारखे काळे होते, आणि ते आपोआप थांबते. मग काही तासांनी किंवा दिवसांनी प्रचंड रक्तस्राव होतो. जीव वाचवायचा तो या मधल्या वेळात. अंजनवेलसारख्या, वाशिष्ठीच्या मुखावरल्या गावात हा धोका वाढतो. मुंबईत ऑपरेशन झालेला चाकरमानी निवृत्तीनंतर गावी येतो, ऑपरेशनची फाईल मुंबईच्या घरीच राहते, आणि गुहागर-चिपळूणच्या डॉक्टरांसमोर फक्त ‘अल्सर’ दिसतो. पोटावर उभा जुना व्रण आणि काळे शौच एकत्र दिसले की, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, ग्राफ्टचाच संशय धरावा. सीटी अँजिओग्राफी लगेच करावी. रक्त थांबले म्हणून घरी पाठवणे धोक्याचे.

ग्राफ्टचा जंतुसंसर्ग मात्र मुकाट्याने वाढतो. त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नळीवर चिकट थर धरतो. बारीक ताप, जांघेत गाठ, पू वाहणारे छिद्र, एवढीच लक्षणे. नुसत्या प्रतिजैविकांनी तो क्वचितच हटतो. बहुधा ग्राफ्ट काढून काखेपासून जांघेपर्यंत कातडीखालून नवी नळी टाकतात, किंवा मांडीच्या खोल नीलेचीच नळी करतात.

टाक्यांच्या जोडावर, विशेषतः जांघेत, धडधडणारा खोटा फुगवटा येतो. ताकायासू रोगात, म्हणजे महारोहिणीच्या भिंतीच्या दाहात, त्याची भीती जास्त, कारण शिवलेली भिंतच आजारी असते. या रोगात दिसणाऱ्या, महारोहिणीच्या मधल्या भागाच्या अरुंदपणाचे वर्णन मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. पी. के. सेन व सहकाऱ्यांनी 1963 साली प्रसिद्ध केले होते. ताकायासूचे रुग्ण बहुधा तरुण, म्हणून त्यांची तपासणी कित्येक दशके चालू ठेवावी लागते.

स्टेंट-ग्राफ्टमध्ये रक्त नळीबाहेर झिरपून जुना फुगवटा पुन्हा वाढू शकतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी आयुष्यभर ठरल्या वेळी करावी लागते. ग्राफ्टची पायाकडे जाणारी एक शाखा रक्त गोठून बंद पडली, तर चालताना पोटरी किंवा कुल्ला भरून येतो. पाय अचानक थंड, पांढरा पडला तर काही तासांतच उपचार हवेत.