हॅलोवीनचे सायंभोजन : सर्व संतांच्या पूर्वसंध्येची कौटुंबिक पंगत

ऑक्टोबर महिना संपत आला की शहरांतील दुकानांत भोपळ्याचे मुखवटे, प्लॅस्टिकचे सांगाडे आणि चेटकिणींच्या काळ्या टोप्या दिसू लागतात. मुले हॅलोवीनच्या पार्टीचे निमंत्रण घेऊन घरी येतात आणि कॅथोलिक पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : मुलांना पाठवावे की नाही? काहींना हा प्रकार सैतानी वाटतो, तर काहींना ती निव्वळ करमणूक वाटते. या दोन्ही मतांमध्ये एक गोष्ट दुर्लक्षित राहते. ३१ ऑक्टोबरची ही संध्याकाळ मुळात ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेतील आहे आणि आयर्लंडसारख्या कॅथोलिक देशात ती पिढ्यान्‌पिढ्या घरातील चुलीभोवती आणि जेवणाच्या मेजाभोवती पाळली गेली आहे. त्या जेवणाचा इतिहास, त्यातील प्रमुख पदार्थांची कृती आणि त्यामागील श्रद्धा यांची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत.

नावाचा अर्थ

जुन्या इंग्रजी भाषेत ‘हॅलो’ म्हणजे संत किंवा पवित्र व्यक्ती. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण. त्याची पूर्वसंध्या ती ‘ऑल हॅलोज ईव्ह’. याच शब्दांचा संक्षेप होऊन ‘हॅलोवीन’ हे नाव रूढ झाले. पाठोपाठ २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन येतो. अशा रीतीने हे तीन दिवस एकाच सूत्रात गुंफलेले आहेत : स्वर्गातील विजयी संत, शुद्धिस्थानातील आत्मे आणि पृथ्वीवर वाटचाल करणारे आपण, हे सारे ख्रिस्ताच्या एकाच कुटुंबाचे घटक होत.

रोममध्ये पोप बोनिफस चौथे यांनी सातव्या शतकाच्या आरंभी पँथिऑन हे प्राचीन मंदिर पवित्र मरिया आणि सर्व रक्तसाक्षी यांना समर्पित केले, तो दिवस १३ मे हा होता. पुढे पोप ग्रेगरी तिसरे (कारकीर्द ७३१ ते ७४१) यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांच्या सन्मानार्थ एक प्रार्थनालय उभारले. नवव्या शतकात पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळात १ नोव्हेंबर ही तारीख पश्चिम युरोपात सर्वत्र पसरली. २ नोव्हेंबरच्या स्मरणदिनाचा प्रारंभ क्लूनी येथील मठाधिपती संत ओदिलो यांनी इ. स. १००० च्या सुमारास केला.

आयर्लंडमधील केल्टिक लोक याच सुमारास ‘साउइन’ नावाचा हिवाळ्याच्या आगमनाचा सण पाळत असत. त्याच्या काही लोकरूढी ख्रिस्ती सणात मिसळल्या, हे खरे. मात्र या सणासाठीच चर्चने १ नोव्हेंबर ही तारीख निवडली, असे ठामपणे म्हणता येत नाही. कारण खुद्द आयर्लंडमध्ये आरंभीच्या काळात सर्व संतांचे स्मरण एप्रिल महिन्यात होत असे.

पंगत मांसाविना का?

हॅलोवीनच्या पारंपरिक आयरिश जेवणात बटाटे, कोबी, लोणी, सफरचंदे, सुका मेवा घातलेला पाव आणि कवचाची फळे असतात. मांस मात्र नसते. याचे कारण धार्मिक आहे. सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या हा उपवासाचा आणि मांसवर्ज्याचा दिवस होता. १९१७ च्या चर्च कायदासंहितेतही तसा स्पष्ट उल्लेख होता. पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये उपासना-दिनदर्शिकेत सुधारणा करताना ही पूर्वसंध्या रद्द केली, त्यामुळे आज त्या दिवशी उपवासाचे बंधन नाही. बंधन गेले, तरी पदार्थ मागे राहिले. उपवासाच्या दिवशी घरात जे होते त्यातूनच गृहिणींनी सणाचे ताट सजवले, हे या पंगतीचे खरे वैशिष्ट्य होय.

कोलकॅनन

या जेवणातील मुख्य पदार्थ म्हणजे कोलकॅनन. आयरिश भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘पांढऱ्या माथ्याचा कोबी’ असा सांगतात. चार ते पाच जणांसाठी साहित्य असे : बटाटे १ किलो, कोबी किंवा केल २५० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, दूध २०० मिलिलिटर, पातीचे पाच-सहा कांदे, मीठ व मिरीपूड.

बटाटे सालीसकट मिठाच्या पाण्यात मऊ शिजवावेत, गरम असतानाच सोलावेत आणि गुठळ्या न राहतील असे कुस्करावेत. कोबी बारीक चिरून पाच-सात मिनिटे उकळावा व पाणी पूर्ण निथळून काढावे. चिरलेली कांद्याची पात दुधात घालून दूध गरम करावे आणि ते थोडे थोडे बटाट्यात घालून फेटावे. शेवटी कोबी, निम्मे लोणी, मीठ व मिरी मिसळावी. हे मिश्रण ताटात उंच रचून मधोमध खळगा करावा आणि त्यात उरलेले लोणी सोडावे. कडेने एकेक घास घेऊन तो मधल्या वितळलेल्या लोण्यात बुडवून खाण्याची पद्धत आहे. पूर्वी पुष्कळ घरांत सर्वजण एकाच भांड्याभोवती बसून हा पदार्थ खात असत.

बार्मब्रॅक

दुसरा पदार्थ बार्मब्रॅक, म्हणजे ‘ठिपक्यांचा पाव’. मनुका-बेदाण्यांचे ठिपके त्यात दिसतात म्हणून हे नाव. मूळ पाव यीस्ट घालून फुगवतात. घरी करण्यास सोपा प्रकार चहाचा आहे.

काळे मनुके व बेदाणे मिळून ३५० ग्रॅम आणि तांबूस साखर १२५ ग्रॅम ही ३०० मिलिलिटर कडक कोऱ्या चहात रात्रभर भिजत ठेवावीत. सकाळी त्यात एक फेटलेले अंडे, २५० ग्रॅम मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि एक लहान चमचा दालचिनी, जायफळ व लवंग यांची पूड मिसळावी. लोणी लावलेल्या पावाच्या साच्यात ओतून १७० अंश सेल्सिअसवर सुमारे एक ते सव्वा तास भाजावे. सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी बाहेर आली की पाव तयार झाला. गार झाल्यावर काप करून लोणी लावून द्यावेत.

या पावात अंगठी, नाणे, चिंधी अशा वस्तू लपविण्याची रीत होती. अंगठी ज्याच्या वाट्याला येईल त्याचे वर्षभरात लग्न होणार, नाणे मिळणाऱ्याला धन लाभणार, चिंधी मिळणाऱ्याला दारिद्र्य येणार, असे मानले जाई. घरातील थट्टामस्करी म्हणून हे निरुपद्रवी असले, तरी भविष्य जाणण्याचा गंभीर प्रयत्न म्हणून ते आपल्याला मान्य होण्याजोगे नाही. कॅथोलिक श्रद्धाग्रंथाच्या २११६ व्या परिच्छेदात सर्व प्रकारचे भविष्यकथन त्याज्य ठरविले आहे.

आम्ही येथे एक बदल सुचवितो. अंगठी ज्याला मिळेल त्याने कुटुंबातील विवाहितांसाठी प्रार्थना सांगावी. नाणे ज्याला मिळेल त्याने ते गरिबांच्या दानपेटीत टाकावे. चिंधी ज्याला मिळेल त्याने एखाद्या गरजू व्यक्तीला वस्त्र द्यावे. खेळातील मौज तशीच राहते आणि नशिबाची जागा सेवा घेते. वस्तू स्वच्छ करून, बटर पेपरात गुंडाळून, पाव भाजल्यानंतर खालच्या बाजूने खुपसाव्यात आणि खाण्यापूर्वी सर्वांना तशी सूचना द्यावी. लहान मुले असल्यास वस्तूंऐवजी दुमडलेल्या मोठ्या चिठ्ठ्या ताटाखाली ठेवणे अधिक सुरक्षित.

आत्म्यांसाठी केक

इंग्लंडमध्ये, विशेषतः चेशायर व श्रॉपशायर या परगण्यांत, या दिवसांत ‘सोल केक’ म्हणजे आत्म्यांसाठीचे लहान गोल केक करीत. गरीब माणसे व मुले दारोदार गाणी गात हिंडत आणि केक मिळाला की त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देत. मृतांसाठी प्रार्थना करणे पवित्र व हितकारक आहे, ही शिकवण मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायावर आधारलेली आहे. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने इंग्लंडमध्ये शुद्धिस्थानाची शिकवण नाकारली, तरीही दारोदार हिंडण्याची ही रूढी काही भागांत विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. अमेरिकेत मुले आज दारोदार जाऊन खाऊ मागतात, त्याच्या पूर्वजांमध्ये या प्रथेची गणना केली जाते. खाऊ देण्याघेण्याची रीत उरली. त्याबदल्यात केली जाणारी प्रार्थना मात्र हरवली.

कृती अशी : १२५ ग्रॅम लोणी व १०० ग्रॅम साखर एकत्र फेटून त्यात दोन अंड्यांचे बलक घालावेत. २५० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, दालचिनी-जायफळाची पूड आणि मूठभर बेदाणे मिसळून लागेल तेवढ्या दुधाने मऊ गोळा मळावा. जाडसर लाटून वाटीने गोल कापावेत, वर सुरीने क्रुसाची खूण करावी आणि १८० अंश सेल्सिअसवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजावेत. ओव्हन नसल्यास हे केक जाड बुडाच्या भांड्यात झाकण ठेवून मंद आचेवर भाजता येतात.

सफरचंदे आणि दिवा

जेवणानंतर सफरचंदांचे खेळ होत. दोरीला टांगलेले किंवा पाण्याच्या टबात तरंगणारे सफरचंद हात न लावता दातांनी पकडायचे. कॉर्क परगण्यातील ब्लार्नी येथे १८३२ मध्ये झालेली अशी एक मेजवानी पाहून चित्रकार डॅनियल मॅक्लिस यांनी ‘स्नॅप-ॲपल नाइट’ हे प्रसिद्ध चित्र रंगविले. ही मेजवानी तेथील धर्मगुरूंनी, फादर मॅथ्यू होर्गन यांनी, आपल्या धर्मग्रामस्थांसाठी ठेवली होती, ही बाब आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे.

आयर्लंडमध्ये कंदील कोरला जाई तो सलगमाचा. मेयो परगण्यातील राष्ट्रीय संग्रहालयाच्या ‘कंट्री लाइफ’ विभागात अशा एका जुन्या भेसूर कंदिलाची प्रतिकृती ठेवली आहे. १८४५ नंतरच्या महादुष्काळात लक्षावधी आयरिश लोक अमेरिकेला गेले, तेव्हा ही प्रथाही त्यांच्यासोबत गेली. तेथे सलगमापेक्षा मोठा आणि कोरण्यास सोपा भोपळा मिळाला. आजचा केशरी भोपळा आला तो असा.

पंगतीची मांडणी

हे जेवण घरी करू इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१. मेजावर पांढरे कापड अंथरावे. मध्यभागी क्रूस व एक मोठी मेणबत्ती ठेवावी.

२. भिंतीवर सांगाडे टांगण्याऐवजी कुटुंबातील दिवंगतांची छायाचित्रे आणि मुलांच्या नामसंतांची चित्रे मांडावीत. मुलांना वेशभूषा करायची असल्यास त्यांनी आपापल्या नामसंताची करावी.

३. घरातील सर्वांत लहान मुलाने मेणबत्ती पेटवावी आणि वडीलधाऱ्यांनी दिवंगतांची नावे एकेक करून उच्चारावीत. प्रत्येक नावानंतर सर्वांनी चिरशांतीची प्रार्थना म्हणावी.

४. कोलकॅनन वाढावे. जेवताना प्रत्येकाने एका दिवंगत आप्ताची आठवण सांगावी : त्यांचा स्वभाव, त्यांचे कष्ट, त्यांच्या हातची चव.

५. बार्मब्रॅक कापून वर सांगितलेला खेळ खेळावा. सोल केक शेजाऱ्यांना द्यावेत आणि त्यांच्या घरातील मृतांची नावे विचारून घ्यावीत.

६. शेवटी जपमाळेचे एक रहस्य म्हणून पंगत संपवावी.

आयर्लंडमध्ये मृतांच्या स्मरणाच्या रात्री पुष्कळ कुटुंबे झोपण्यापूर्वी दाराची कडी काढून ठेवीत, चुलीत विस्तव राखीत आणि मेजावर पाण्याचे भांडे ठेवीत. मृत परत येतात अशी समजूत त्यामागे होती. ती समजूत आपण स्वीकारण्याचे कारण नाही. पण आपली माणसे मरणाने परकी होत नाहीत, ही त्यातील भावना ख्रिस्ती माणसाला सहज उमगते.

आपल्या घरी या पंगतीचा उपयोग

वसईत काय किंवा मुंबईत काय, २ नोव्हेंबरला आपले भाविक कबरी स्वच्छ करतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि दफनभूमीत मिस्सा होते. १ ते ८ नोव्हेंबर या काळात दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना, पापनिवेदन, ख्रिस्तशरीराचा स्वीकार, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाच्या आसक्तीपासून मुक्तता या अटींवर, पूर्ण दंडमाफी मिळते व ती शुद्धिस्थानातील आत्म्यांना अर्पण करता येते. ज्या घरात मुलांनी ३१ ऑक्टोबरच्या रात्री आजी-आजोबांची नावे ऐकली आहेत, त्या घरातील मुले दोन दिवसांनी कबरीजवळ उभी राहतील तेव्हा दगडावरील अक्षरे त्यांना अनोळखी वाटणार नाहीत.

कोलकॅनन किंवा बार्मब्रॅक केलेच पाहिजे, असे मुळीच नाही. ते आयरिश माणसांच्या शेतातले व चुलीवरचे अन्न आहे. दिवंगत आजीच्या हातची एखादी भाजी त्या रात्री रांधली, तरी या पंगतीचा हेतू तितकाच साधतो. मुद्दा असा की मरणाविषयी मुले कोणाकडून तरी शिकणारच. बाजार त्यांना मरणाचा मुखवटा विकतो आणि त्याला भ्यायला किंवा हसायला शिकवतो. प्रभू येशूच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या आईवडिलांना मात्र त्यांच्यापुढे आपल्या माणसांचे चेहरे ठेवता येतात आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करायला शिकवता येते. येत्या ३१ ऑक्टोबरला आपल्या घरातील मेजावर अशी एक मेणबत्ती जरूर पेटवावी, अशी आमची सर्व कुटुंबांना नम्र विनंती आहे.