मीखलची खिडकी

मढच्या कोळीवाड्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचे पाणी आणावयास निघालेली मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे दृश्य अपरिचित नाही. पुढे बँड, त्यामागे लुगडे नेसलेल्या वृद्धा, त्यांच्यामागे तरुण मुलींचा घोळका. वृद्धा मनमोकळेपणे नाचत असतात. मुलीही नाचतात, पण कोणाच्या हातातील मोबाईल आपल्याकडे वळला आहे याचे भान ठेवून. पुरुष मात्र रस्त्याच्या कडेने, खिशात हात घालून चालतात. “फादर, दोन घोट पोटात गेल्याशिवाय आमचे पाय उचलत नाहीत,” असे एका गृहस्थाने मला हसत हसत सांगितले. ते हसणे मला लागले. स्वतःच्या पुतणीच्या लग्नात आनंद व्यक्त करावयाचा, तर त्यासाठी दारूची परवानगी घ्यावी लागावी!

आपला स्वभावच लाजरा, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्याच घरातील आजी पुढे नाचत होती, ती काही परक्या स्वभावाची नव्हती. हा संकोच आपण शिकलो आहोत, आणि तो शिकविण्यात आम्हा धर्मगुरूंचा वाटा थोडाथोडका नाही.

चौथ्या शतकातील लाओदिकियाच्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी लग्नसमारंभात नाचू नये, सभ्यपणे जेवून यावे, असा नियम केला. इ. स. ५८९ मध्ये स्पेनमधील तोलेदोच्या तिसऱ्या धर्मसभेने संतांच्या सणादिवशी होणाऱ्या नाचांवर बंदी घातली. मूर्तिपूजकांचे उत्सव आणि रोमन रंगभूमीवरील बीभत्सपणा हा त्या काळचा जिवंत अनुभव होता. तरीही ख्रिस्तसभेचे मन या बाबतीत कधीच एकसारखे नव्हते. त्याच स्पेनमध्ये सेव्हिलच्या कॅथेड्रलमध्ये लहान मुले वेदीसमोर नाचतात आणि लक्झेंबर्गमधील एख्टरनाख येथे पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी हजारो भाविक नाचत संताच्या कबरीकडे जातात. या दोन्ही प्रथा आजही चालू आहेत.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक दुखरा झाला. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने जे फर्मान काढले, त्यात एतद्देशीय ख्रिस्ती लोकांच्या लग्नांतील ओव्या, मग त्या चारचौघांत गायिलेल्या असोत वा घरात, निषिद्ध ठरविल्या. गावठी वाद्येही त्यातून सुटली नाहीत. येथे प्रश्न अश्लीलतेचा नव्हता. जे हिंदू शेजाऱ्यासारखे दिसते ते पाप, असे ते गणित होते. सुदैव म्हणा की दुर्दैव, दुसऱ्याच वर्षी साष्टी मराठ्यांच्या हाती गेली आणि १७३९ मध्ये वसईही पडली. आपल्या पूर्वजांनी त्या युद्धात पुष्कळ सोसले. पण त्या न्यायासनाचा हात इकडे पोहोचेनासा झाला, हेही खरे. आपल्या मांडवातील हळद, घुमट आणि बायकांची गाणी टिकली, त्याचे थोडे श्रेय या घटनेला द्यावे असे मला वाटते.

मग ती गाणी जाणाऱ्या पावलांना खीळ कोणी घातली? माझ्या मते ती प्रतिष्ठेने घातली. इंग्रजी अमदानीत आपली मुले शिकली, कचेऱ्यांत लागली. १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी आपण ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. १८९२-९३ च्या सुमारास मद्रासेत नाचगाण्याच्या बैठकींविरुद्ध चळवळ उभी राहिली. पुढे मुंबई इलाख्यात १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा आला. त्यामागे कळवळा होता यात शंका नाही. पण नाचणारी स्त्री म्हणजे बदनाम स्त्री, ही समजूत सभ्य घरांत अधिकच घट्ट झाली. गंमत अशी की त्याच सभ्य घरांना हॉलमधील वॉल्ट्झ चालत असे. फेर धरणे गावंढळ ठरले आणि जोडीने नाचणे सुसंस्कृत!

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण दुसऱ्याला टोमणा मारावयास वापरतो. त्यातील एक गोष्ट मात्र सहज निसटते: नाचण्याची जागा अंगण होती. अंगणात फेर धरला की प्रेक्षक उरत नाही. जो तो दुसऱ्याचा हात धरून असतो. हॉलमध्ये भिंतीलगत खुर्च्या मांडल्या, आणि खुर्च्यांबरोबर डोळे आले.

दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचला, ही कथा आपण जाणतो. खिडकीतून ते पाहणाऱ्या शौलकन्या मीखलची कथा मात्र आपण घाईने वाचतो. तिने राजाला काय सुनावले? नाच वाईट होता असे ती म्हणत नाही. दासींच्या देखत राजाने लाज सोडली, हे तिचे दुःख आहे. दावीदाने तिला दिलेले उत्तर प्रत्येकाने शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात स्वतः वाचावे. मढच्या रस्त्याकडेने चालणारे ते गृहस्थ देवाला भीत नव्हते. ते खिडकीला भीत होते. आता तर ती खिडकी प्रत्येकाच्या खिशात आहे.

नृत्याला ख्रिस्तमंदिरात मान मिळवून देण्याचा प्रयत्न आपल्या शेजारीच झाला. अंधेरीच्या ज्ञान आश्रमात फादर जॉर्ज प्रॉक्श यांनी भारतीय संगीत व नृत्यातून शुभवर्तमान मांडले. फादर फ्रान्सिस बार्बोझा यांनी धर्मगुरू असून भरतनाट्यम आत्मसात केले. या कार्याबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु तो रंगमंचावरचा नाच. तो पाहून आपण टाळ्या वाजवितो आणि खुर्चीतच राहतो. शाळेच्या संमेलनात कोळीनृत्य करणारी मुले वल्ही मारण्याचा अभिनय करतात आणि ज्यांनी खरोखर वल्ही मारली ते आजोबा मागच्या रांगेत बसलेले असतात, तसेच हे.

त्या संध्याकाळी विहिरीपाशी मिरवणूक थांबली, तेव्हा त्या आजीने माझा हात धरून मला फेरात ओढले. “बाय, मी फादर,” असे म्हणून मी हात सोडवून घेतला. ती काहीच बोलली नाही; शेजारच्या मुलीचा हात धरून पुन्हा नाचू लागली. परतीच्या वाटेवर मी त्या गृहस्थांच्या बरोबरीने, रस्त्याच्या कडेनेच चाललो.