गोदरेज शस्त्रक्रिया-उपकरण कारखाना

मुंबईत १८९५ च्या सुमारास सुरू झालेला व अल्पावधीतच बंद पडलेला, धारदार वैद्यकीय उपकरणांचा कारखाना. संस्थापक अर्देशिर गोदरेज (१८६८–१९३६) वकिली सोडून या उद्योगात उतरले. भांडवलासाठी मेरवानजी कामा यांनी त्यांना ३,००० रुपये कर्जाऊ दिले. शस्त्रक्रियेच्या सुऱ्या, चिमटे, कात्र्या त्यांनी एका ब्रिटिश कंपनीसाठी घडविल्या. मालाच्या प्रतीविषयी तक्रार नव्हती. वाद उद्भवला तो शिक्क्यावरून. उपकरणांवर ‘भारतात बनविलेले’ असे उमटावे हा गोदरेजांचा आग्रह, तर तसा माल खपणार नाही हे कंपनीचे म्हणणे. गोदरेज नमले नाहीत आणि त्यांनी कारखानाच बंद केला. वंगभंगाच्या काळातील स्वदेशी चळवळीच्या जवळजवळ दशकभर आधी, कर्ज डोक्यावर असताना घेतलेला हा निर्णय भारतीय उद्योगाच्या इतिहासात फार मोलाचा आहे.

१८९७ मध्ये त्यांनी लालबाग येथे कुलपे बनविण्यास आरंभ केला. पुढे तिजोऱ्या आल्या. धाकटे बंधू पिरोजशा यांनी १९४३ मध्ये घाटकोपरच्या उत्तरेस विक्रोळी येथे जमीन घेतली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी (१९५१-५२) विक्रोळीच्या कारखान्यात मतपेट्या बनविण्यात आल्या.